तिसऱ्या मजल्यावरून दिसणारा ऊस

मी ऊस बघून घर घेतलं. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा राहील.

लोक घर घेताना काय काय बघतात. पाणी किती वेळ येतं, लिफ्ट बंद पडली तर जिना कसा आहे, मुलाच्या कंपनीची बस कुठं थांबते, शाळा किती लांब, शेजारी कोण. आणि मी? पलूसजवळच्या गावात सगळी हयात उसात काढलेली, पन्नाशी ओलांडलेली, दोन्ही डोळ्यांनी धड दिसणारी बाई. पुण्याच्या बाहेर सोलापूर रस्त्यावरच्या एका नव्या वसाहतीत गेले, तिसऱ्या मजल्यावर चढले, चौकट न बसवलेल्या खिडकीतून बाहेर डोकावले. खाली ऊस उभा होता. त्याला पांढरे तुरे आले होते आणि ते वाऱ्यावर डुलत होते. मी पोराला म्हणाले, "हेच घ्यायचं."

ऊस कुणाचा, ते विचारलं नाही. तिथं किती वर्षं राहील, तेही विचारलं नाही. त्या बाईला आता रस्त्यात गाठून दोन प्रश्न विचारावेसे वाटतात, पण ती कुठली ऐकतेय! तिच्या डोक्यावर तेव्हा पदर होता आणि पदरावर त्या साइटवाल्यांनी घातलेलं पिवळं हेल्मेट. अशा अवतारात माणूस कुणाचं ऐकत नसतो.

तशी ही खोड घराण्यातलीच. माझ्या वडिलांनी मला ऊस बघूनच दिली. माझं माहेर फलटणच्या पूर्वेला. आता तिकडंही ऊस आहे, कारखाने आहेत, पण माझ्या लहानपणी कालव्याचं पाणी आमच्या शिवाराच्या अलीकडंच थांबायचं आणि पुढं नुसतं कुसळाचं रान. वडील स्थळ बघायला एसटीनं पलूसला उतरले आणि चालत निघाले, तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना डोक्यावर गेलेला ऊस. त्यांनी वाटेत एकाला विचारलं, "हे समदं त्यांचंच का?" तो म्हणाला, "व्हय, त्यांचंच की." कुणाचं, ते त्यानं सांगितलं नाही आणि वडिलांनी विचारलं नाही. लग्न होऊन आले तेव्हा कळलं, रस्त्याच्या डावीकडचा ऊस भलत्याचाच होता आणि उजवीकडचाही तुकडाभरच आमचा. पुढं वडील जिवंत असेपर्यंत मी त्यांना टोचत राहिले. "ऊस बघून पोरगी दिली तुमी, पोरगा बघायचा राहिला." ते हसायचे. मीही एक दिवस तसंच करणार आहे, हे त्यांना ठाऊक असतं तर जास्त हसले असते.

पोरगा बघायचा राहिला म्हणायचं कारण, पोरगा गावात नव्हताच. फौजेत होता. सगळा गाव त्यांना फौजी म्हणतो, मीही म्हणते. तोंडावर "आवं", माघारी फौजी. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे, ट्रंक ठेवायचे आणि बूटसुद्धा न काढता उसाकडं चालायला लागायचे. बाकीचं वर्ष पत्रं. पत्रात आधी आईची तब्येत, मग ऊस, मग मी. कधीकधी मी राहून जायची. ऊस कधी राहिला नाही. लागण झाली का, मातीची भरणी झाली का, पाला काढला का. तिकडं कुठं वाळूत नाहीतर बर्फात बसून त्यांना आमच्या उसाची स्वप्नं पडायची म्हणे.

आणि तो ऊस इकडं मी आणि माझी सासू बघत होतो.

उसाचा पाला कधी काढलाय का तुम्ही? ऊस उंच वाढला की खालची पानं वाळतात. ती ओढून काढायची, म्हणजे आत वारा खेळतो, कीड लागत नाही, ऊस जोमानं वाढतो. सांगायला सोपं. उसाच्या पानाला करवतीसारखी धार असते. अंगात जुना शर्ट, डोक्याला फडकं, तरी मनगटं आणि गळा कापल्याशिवाय राहत नाही. आत हवा नाही, पुढचं दिसत नाही, सासू नुसती आवाजानं सापडते. माझ्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत बारीक पांढऱ्या रेघा आहेत. नात लहान असताना विचारायची, "आज्जी, तुझ्या हातावर कुणी रेघोट्या मारल्या?" मी सांगायची, "तुझ्या आबानं. पत्रातनं."

तेव्हा खरं सांगायचं तर मला ऊस नको होता. फौजी पेन्शनीत आले तेव्हा वाटलं, आता ते बघतील, मी सुटले. त्यांनी बघितलाही. आनंदानं, मलाही बरोबर घेऊन.

मग पोरगं पुण्याला नोकरीला लागलं, लग्न झालं, सूनही नोकरीवाली. नात झाली आणि तिला दिवसभर कुणाकडं तरी ठेवायला लागले. एका दिवाळीला पोरगं आलं आणि जेवताना म्हणालं, "घर घेतोय. एवढंच सांगा, तुम्ही दोघं येणार असाल तर दोन बेडरूमचं बघतो. नसाल तर एकात भागतंय."

फौजी ताटातलं वर न बघता म्हणाले, "मी येत न्हाई."

"का?"

"ऊस कोण बघंल?"

"काका आहेत की."

"त्यो बघंल रं. मी काय बघू? दुसऱ्याच्या भिंती?"

मी भाकरी थापत होते. माझ्या मनात काय काय होतं, ते आता सांगायला हरकत नाही. नात होती, हे तर उघडच. शिवाय स्वयंपाकघरातला नळ होता. खोटं कशाला बोलू, लिफ्टही होती. आणि माझी जाऊ येऊन घर बघून जाईल आणि तोंडात बोट घालेल, हेही होतं. या जावेनं मला नव्या मिक्सरवरून दोन वर्षं ऐकवलं होतं.

मी म्हणाले, "मी बघून येते. मग ठरवा."

फौजी म्हणाले, "जा. तुझं डोळं तेच माझं."

हे वाक्य त्यांनी सहज टाकलं. मला पुढं ते फार दिवस पुरलं.

त्या साइटवर एक पोरगी होती, काळ्या कोटातली, सारखी हसणारी. तिनं आधी आम्हाला नमुन्याचं घर दाखवलं. सगळं चकचकीत. मी टीव्हीवर टिचकी मारली, तर पुठ्ठा. फ्रिज उघडला, आत नुसती पोकळी, दिवासुद्धा नाही. टेबलावर आंबे होते, ऐन थंडीत. मी एक उचलून हुंगला. सून कानाशी आली. "आई, ते प्लॅस्टिकचे आहेत." मी म्हणाले, "ठाऊक हाय. कुठल्या बागेतलं ते बघतीया."

मग मी त्या पोरीला विचारलं, "पाण्याची पाळी कवा असती?"

"मॅम?"

"पाणी, पाणी. किती दिवसांनी सोडत्यात?"

"ट्वेंटी फोर सेव्हन, मॅम."

पोरगं म्हणालं, "आई, इथं पाळी नसते. नळ सोडला की येतं."

मला खरं वाटलं नाही, पण आवडलं.

मग खरी इमारत बघायला निघालो. वाट त्या उसाच्या कडेकडेनं होती. मी चालता चालता उसाकडं बघितलं. माझं लक्ष जायचंच. आणि मला अगदी स्वच्छ दिसलं, की पाला काढलेला नाही. एकाही उसाचा नाही. खालपासून वरपर्यंत वाळल्या पानांची झालर, मधून वेली चढलेल्या, पाटात गवत माजलेलं. बांधाच्या कोपऱ्यावर मोजणीचा, चुन्यानं रंगवलेला नवा दगड. मी पोराला म्हणाले, "बघ रं, कसला आळशी शेतकरी हाय. एवढं चांगलं रान, आन् हात लावला न्हाई."

बाई, आळशी तो नव्हता. आळशी तुझं डोकं होतं. ज्याला रान ठेवायचं असतं तो पाला काढतो. ज्यानं रान विकलंय, तो कशाला हात कापून घेईल? आणि तुरा आलेला ऊस म्हणजे वाढ संपलेला ऊस. त्याला तोडायचंच असतं, नाहीतर आत दशी पडते. वरून हिरवागार, आत पांढरा भुसा. शाळेत न गेलेलं आमच्याकडचं पोर सांगेल हे. पण तिसऱ्या मजल्यावर चढून मी वरून बघितलं, आणि ते तुरे असे काही दिसले की खाली जे पाहिलं होतं ते मी तिथंच, जिन्यात, सोडून दिलं. मला खरं कारण मिळालं होतं. फौजींना पुण्याला आणायचं कारण.

घरी आले. फौजी अंगणात लोखंडी खुर्चीवर बसले होते. फौजेतून आणलेली घडीची खुर्ची, ती कुणाला बसू देत नाहीत.

"कसं हाय?"

"खिडकीतनं ऊस दिसतोय."

ते खुर्चीत सरळ झाले. "कुठं? पुण्यात?"

"तिसऱ्या मजल्यावरनं. समोर समदा ऊस. तुरं आल्यात. तुमी खुर्ची टाकून बसायचं आन् बघायचं. तोडायचा न्हाई, पाजायचा न्हाई. नुसता बघायचा."

"कुणाचा हाय?"

"आसंल कुणाचा तरी. तुमाला काय त्याच्याशी सोयरीक करायचीय?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "पाला काढलाय का?"

मी म्हणाले, "काढलाय की. खिडकीतनं बघितला न्हवं मी. चांगला सोललाय, लखलखीत."

हे इतकं झटकन तोंडातून गेलं, की मलाही पटलं. फौजी माझ्याकडं बघत राहिले. मग उठून बांधाकडं गेले. परत आले ते म्हणाले, "पोराला सांग, दोन खोल्यांचं घे म्हणावं."

घर तयार व्हायला दीड-दोन वर्षं लागली. त्यातल्या एका दुपारी पोराचा फोन आला. मी शेंगा फोडत होते. इकडचं तिकडचं झालं आणि तो म्हणाला, "आणि आई, शेजारच्या प्लॉटवर पण स्कीम आलीय. खोदकाम चालू झालं. चांगलंच आहे, एरिया डेव्हलप होतोय."

"कंच्या शेजारच्या?"

"अगं, ते ऊस होता ना, तिथं."

मी म्हणाले, "बरं." फोन ठेवला आणि राहिलेल्या शेंगा फोडल्या. दाढ काढताना डॉक्टर आधी सुई देतो, मग गाल आपला राहत नाही. चावलं तरी कळत नाही, पाणी प्यायलं तर हनुवटीवरून खाली. माझं तसं झालं. वाईट वाटलं असं म्हणावं, तर तेही नाही. फौजींना सांगायचं हे ठाऊक होतं, तोंडही होतं, पण तोंड माझं नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू. सामान बांधलं तेव्हा सांगू. टेम्पो निघाला, पलूस मागं पडलं, मग कराड, मग सातारा. खंबाटकीचा घाट आला तेव्हा वाटलं, आता. फौजी समोर ड्रायव्हरशी गप्पा मारत होते. मांडीवर ती घडीची खुर्ची. टेम्पोत मागं सगळं घर बांधलेलं होतं, पण ती त्यांनी मागं टाकू दिली नव्हती.

आत गेल्या गेल्या ते खिडकीशी गेले. मी दारातच उभी. समोर मोठा खड्डा होता, खड्ड्यातून लोखंडी सळयांची रोपं उगवलेली, पत्र्याचं निळं कुंपण, आणि एक यंत्र खाली-वर डोकं करत होतं. फौजींची पाठ माझ्याकडं होती. पाठ काही बोलत नाही. मग ते वळले आणि म्हणाले, "चहा ठेव."

एवढंच.

दुसऱ्या दिवशी वास्तुशांत. नव्या गॅसवर दूध ठेवलं, ते उतू गेलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सून म्हणाली, "आई, फोटोसाठी हसा ना." मी हसले. तो फोटो अजून आहे. त्यातली बाई कोण, मला विचाराल तर ओळखीची वाटते.

आणि मग राहायला लागलो. मला जे जे हवं होतं ते सगळं होतं. नळ सोडला की पाणी. लिफ्टमध्ये आरसा. नात दिवसभर मांडीवर. सकाळी पोरगं आणि सून डबे घेऊन निघायची, खाली कंपनीच्या बसा लागायच्या, सगळी वसाहत रिकामी व्हायची, आणि उरायचो आम्ही म्हातारे आणि पोरं. मी नळाखाली हात धरून उभी राहायची. पाणी गार आहे की कोमट, तेही बघितलं नाही. उसात दशी पडते म्हणतात ना, तसं. वरून सगळं हिरवं.

फौजींनी बाल्कनीत खुर्ची टाकली. रोज सकाळी चहा घेऊन बसायचे आणि समोरचं बांधकाम बघायचे. मी वाट बघत होते, कधी बोलतील. बोलले असते, "खोटारडे" म्हणाले असते, तर बरं झालं असतं. मी उलट ओरडले असते, आम्हाला ओरडता येतं, आम्ही पलूसकडचे. पण ते गप्प. मग मी काही उद्योग केले. एकदा बाल्कनीतल्या दोरीवर मुद्दाम ओल्या साड्या टाकल्या, खुर्चीच्या अगदी समोर, म्हणजे काही दिसू नये. ते साड्यांच्या समोर बसले. थोड्या वेळानं एका साडीचा काठ बोटानं वर उचलला, बघितलं, सोडून दिला. मग चहात साखर घालायची बंद केली. म्हटलं, आता तरी चिडतील. ज्या माणसाला बर्फातसुद्धा उसाची स्वप्नं पडायची, तो बिनसाखरेचा चहा आठवडाभर प्यायला. शेवटी मीच कंटाळून साखर घातली, तर म्हणाले, "आज गोड झालाय गं."

समोरची इमारत वर येत होती. रात्री जेवताना ते नातीला सांगायचे, "आज त्येंचा स्लॅब पडला." जसं पूर्वी सांगायचे, आज भरणी झाली. एकदा सकाळी नव्या स्लॅबवर माणसं नळीनं पाणी मारत होती. फौजी म्हणाले, "पाण्याची पाळी चुकवत न्हाईत लेकाचे." मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. टोमणा होता की कौतुक, कळेना. पंचवीस वर्षं लांब राहिलेल्या नवऱ्याचं तोंड वाचायची सवय मला कुठून असणार? मला त्यांचं अक्षर वाचायची सवय.

मग जाऊ आली. धाकट्या दिरांबरोबर, सत्यनारायणाला. हा दिवस मी किती वेळा डोक्यात करून बघितला होता! तिनं दोन्ही बेडरूम बघितल्या, नळ सोडून बघितले, लिफ्टनं उगाच एकदा खाली-वर करून आली. खरोखरच तोंडात बोट घातलं. "अक्का, नशीब काढलंस बाई." मी म्हणाले, "व्हय." मला वाटलं होतं, त्या क्षणी छाती अशी भरून येईल. काही नाही. मी तिला पोहे वाढले आणि लिंबू विसरले.

मग ती बाल्कनीत गेली. फौजी तिथंच खुर्चीवर. समोर इमारत आता आमच्या उंचीला आली होती, हात लांब केला तर विटेला लागेल अशी.

"अन् ऊस कुठाय गं?" ती मोठ्यानं म्हणाली. "तू गावभर सांगत हुतीस न्हवं, खिडकीतनं ऊस दिसतोय? कुठं दिसतोय, दाव की."

माझ्या हातात ताट होतं. दीर सोफ्यावर होते, पोरगं फोनमध्ये होतं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

फौजी खुर्चीवरूनच म्हणाले, "तोडणी झाली."

"आँ?"

"ऊस हाय. तोडणी हुणारच. काय जन्मभर उभा ठेवत्यात व्हय?"

जाऊ हसली, विषय मिरच्यांच्या भावावर गेला. मी ताट घेऊन आत गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. मला झाकलं की मला मारलं, हेच समजेना. रडू यायला हवं होतं, असं नंतर वाटलं. त्या वेळी मी एवढंच बघत होते, की गॅसच्या एका बर्नरची ज्योत दुसऱ्यापेक्षा लहान आहे.

पुढं समोरच्या इमारतीत लोक राहायला आले. आमच्या बाल्कनीसमोर आता एक स्वयंपाकघर आहे. तिथली बाई कणीक मळताना माझ्याकडं बघते, मी भाजी निवडताना तिच्याकडं. फौजींनी खुर्ची बाल्कनीतून उचलून आत हॉलमध्ये टीव्हीसमोर टाकली. का, ते बोलले नाहीत. नातीला वाटलं, टीव्हीसाठी.

असं किती दिवस चाललं, ते मोजत बसले नाही. मग दिरांनी गावाकडं नवं घर बांधलं, दुमजली, वर स्लॅब, त्यावर पाण्याची टाकी. त्या वास्तुशांतीला आम्ही गेलो. पाहुण्यांची जेवणं झाली. खाली बायकांच्या गप्पा चालल्या होत्या, जाऊ तिचा नळ सगळ्यांना दाखवत होती, आणि मला तिचा रागसुद्धा येईना, म्हणून मी उठून वर गेले. गच्चीवर फौजी एकटेच उभे होते, कठड्याला हात टेकून. समोर आमचा ऊस. तुरे आलेले, लांबपर्यंत पांढरे. पलीकडच्या शेतात तोड चालू होती, कोयत्यांचा आवाज येत होता.

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. काही बोलायचं ठरवून गेले नव्हते. तोंड आपोआप बोललं, त्या दाढेच्या गालासारखं.

"आवं, त्या उसाचा पाला काढलेला न्हवता."

"कुठल्या?"

"तिकडच्या. खिडकीतल्या. मी जाताना जवळनं बघितला हुता. समदा पाल्यात हुता. मला दिसलं हुतं. तरी मी तुमाला काढलाय म्हटलं."

पलीकडं कोयते चालू. मी कठड्यावरचं सिमेंट नखानं खरवडत होते. म्हटलं, आता बोला. जे बोलायचं ते आता इथं, माझ्या सासूच्या रानासमोर बोला, मी ऐकून घेते.

ते म्हणाले, "हिकडं बघ. ह्यो आपला ऊस. पाला काढलाय का सांग."

मी बघितलं. कठड्यावरून वाकून बघितलं, चष्मा नीट करून बघितलं. हिरवे शेंडे होते, पांढरे तुरे होते, वारा सुटला की सगळं एका अंगाला कलत होतं. आत काय आहे, खाली काय आहे, काही कळत नव्हतं.

"न्हाई कळत," मी म्हणाले.

फौजींनी माझा हात धरला, म्हणजे मनगट, जिथं त्या रेघा आहेत तिथं, आणि उसाकडंच बघत म्हणाले, "वरनं पाला दिसत नसतोय गं. नुसतं शेंडं दिसत्यात. तू खिडकीतनं बघितला म्हणालीस न्हवं, तवाच म्हटलं, हिला लयच जायचं दिसतंय."